माझा लाल पंप

भासऱ्यांशी तोंडावर बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. नवऱ्याचे मोठे भाऊ अंगणात आले की पदर पुढे ओढायचा, जे सांगायचं ते सासूकडे पाहून सांगायचं, आणि त्यांनी ते ऐकायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ही रीत पाळली होती. ती मोडली घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी, भर रस्त्यात. भासऱ्यांशी माझं पहिलं बोलणं होतं, "माहा पंप काढून द्या."

आमच्या घरी दोन जीपा होत्या. दोन्ही सरकारी लिलावातल्या, एकाच बनावटीच्या, डिझेलवर चालणाऱ्या. एक भासरे चालवायचे, एक माझा नवरा. कापसाच्या दिवसांत वेचणीच्या बाया सकाळी गावोगाव गोळा करून वावरात नेऊन सोडायच्या, सांजेला परत आणायच्या आणि बाजाराच्या दिवशी घाटंजीला सवारी न्यायची, हे दोन्ही भावांचं काम. शेत होतंच, पण त्या वर्षांत पऱ्हाटीनं कुणालाच हात दिला नव्हता. बोंडं अळीनं पोखरलेली आणि भाव पडलेला. रस्त्यावर पांढऱ्या गाड्या मात्र फार दिसायच्या. मोठी माणसं यायची, जीव दिलेल्या कुणा शेतकऱ्याच्या ओसरीवर बसायची, फोटो काढून जायची. त्यामुळे आमच्या घरात चूल पेटायची ती जास्त करून या दोन जीपांच्या जोरावर.

माझा बाप बाभुळगावचा. जिनिंगच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. मुलगा नव्हता म्हणून म्हणा किंवा त्याला आवड म्हणून म्हणा, उन्हाळ्यात मोकळ्या वावरात त्यानं मला गाडी शिकवली होती. सासरी याचं कुणाला कौतुक नव्हतं. माझ्या नवऱ्याला होतं. गाडीचं काम निघालं की ते मला हाक मारायचे, "ये व, पाने धर."

पोळ्याच्या आधी आमच्या जीपचा वॉटर पंप गेला. इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरमधून फिरवून थंड करून पुन्हा इंजिनात ढकलणारा हा पंप. तो गेला की इंजिन स्वतःच्याच उष्णतेनं शिजतं. नवऱ्यानं यवतमाळहून नवीन पंप आणला आणि अंगणात बसून स्वतः बसवला. बोल्ट कोणता कुठला ते चुकू नये म्हणून मी ते पदरात ओळीनं धरून बसले होते. बैलांच्या शिंगांना लावायचा लाल रंग डब्यात उरला होता. नवऱ्यानं तो पंपाच्या अंगाला फासला. म्हणाले, जंग पकडणार नाही. सासू ओसरीवर शेंगा फोडत होती. हसून म्हणाली, "बैलाच्या आधी पंपाचाच पोळा केला व यानं."

दसऱ्याच्या सुमारास भावांची वाटणी झाली. भांडण झालं नाही. अंगण एकच राहिलं, चुली दोन झाल्या आणि सासू मोठ्याकडे राहिली. विहिरीचं वावर मोठ्याला गेलं म्हणून सासूनं सांगितलं, चांगली जीप धाकट्याला. चांगली म्हणजे आमचीच, नव्या पंपाची. भासऱ्यांनी मान डोलावली. वर म्हणाले, "तशी कायले देऊ? सर्व्हिसिंग करून देतो." आणि ते आमची जीप घेऊन घाटंजीला गेले. परत आणली तेव्हा धुऊनपुसून चकाचक होती. बॉनेटला हळदकुंकू लावलं होतं. चावी त्यांनी धाकट्या भावाच्या हातावर ठेवली. माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून त्यांनी भावाचे पाय धरले. मी पदराआडून हे सगळं पाहिलं आहे.

त्यानंतर वेचणी लागली. एके दिवशी सकाळी बाया भरून आम्ही निघालो. मी पुढे, नवऱ्याच्या शेजारी बसले होते, कारण मलाही त्याच वावरात वेचायला जायचं होतं. खिंडीच्या चढावर गाडीनं दम सोडला. दुसऱ्या गिअरवर घेतली तरी ओढेना, मग पहिल्यावर आणि शेवटी बंदच पडली. समोरचा पाण्याच्या उष्णतेचा काटा पार खाली झोपलेला होता. तो काटा मीही पाहिला. नवरा म्हणाले, "गाडी गरम नाही, डिझेलचंच काई असंन." खाली उतरून बॉनेट उघडलं. आधी पाणी तरी पाहून घ्यावं म्हणून फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं.

झाकण उडालं. आवाज मोठा नव्हता. कुणी जोरानं फुंकर मारावी तसा. आणि उकळत्या पाण्याचा फवारा नवऱ्याच्या उजव्या हातावर, मानेवर, छातीवर आला. ते पाणी पिवळं होतं. सदरा पिवळा झाला, मान पिवळी झाली. मला क्षणभर काही कळेचना. हळद लावून बसलेल्या नवरदेवासारखा माझा नवरा रस्त्यावर उभा होता आणि ओरडत होता.

मागे बसलेल्यांत एक म्हातारी कोलाम बाई होती, वेचणाऱ्या बायांची म्होरकी. ती सगळ्यांत आधी उतरली. सगळ्या बायांच्या पिण्याच्या पाण्याच्या कॅना मागवून तिनं एकेक करून नवऱ्याच्या अंगावर रिकाम्या केल्या. मी सदरा ओढायला गेले तर माझा हात धरला. "ओढू नको, कातडं संग येईन." मग यवतमाळकडे जाणारा टेम्पो थांबवला आणि आम्ही दवाखान्यात गेलो.

नवरा जगले. मान आणि छाती हळूहळू भरून आली. उजव्या हाताची बोटं मात्र आखडली ती आखडलीच. स्टिअरिंगचं चाक त्या हाताला धरवेना.

जीप खिंडीतच उभी होती. नवरा यवतमाळच्या दवाखान्यात, म्हणून मी ती ट्रॅक्टरला बांधून यवतमाळला लागूनच असलेल्या लोहाऱ्याला नेली. तिथे कारखान्यांच्या वसाहतीच्या तोंडाशी एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. माझा बाप त्याला ओळखायचा. दाढीवाला, धिप्पाड, बोलायची भारी हौस असलेला माणूस. आपण दुरुस्त केलेली गाडी पुन्हा कधी परत येत नाही असं तो दर दोन वाक्यांनी सांगायचा, आणि त्याच्या अंगणात परत आलेल्या गाड्याच उभ्या असायच्या. रमजान चालू होता, त्याचा रोजा होता. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन तो टायरवर बसला होता.

रेडिएटरच्या खालची तोटी उघडल्यावर जे बाहेर आलं ते पाहून तो उठून उभा राहिला. "बाई, ये इंजन है का पतेली? किसने पकाया ये?"

पिवळा, घट्ट रस्सा होता तो. मिस्त्रीनं बोटावर घेऊन हुंगला. "हल्दी. रेडिएटर लीक हो तो लोक हल्दी टाकतात. भोक बुजते चार रोज. मग नळ्या पण बुजतात. नळ्या बुजल्यावर पाणी कुठून जाईल?"

मी म्हटलं, "आमचा रेडिएटर गळत नव्हता."

"गळत नव्हता तर कायले टाकली?" असं म्हणत त्यानं पंखा काढला, पट्टा काढला, पंपाचे बोल्ट ढिले केले आणि पंप माझ्या हातात दिला. दांडा धरून हलवला तर खुळखुळ वाजत होता. आतली पाती जंगानं खाऊन निम्मी उरली होती. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं, म्हणजे पंप आधी सूचना देतो. या पंपाचं ते भोक कुणीतरी एमसील लावून बुजवलं होतं. गळती होती ती इथली. हळद इथल्यासाठी होती.

आणि पंपाला लाल रंगाचा एक थेंबही नव्हता.

"हा आमचा पंप नाही," मी म्हटलं.

मिस्त्री हसला. "तुमची गाडी, तुमच्या गाडीतून निघाला, आणि तुमचा नाही?"

"आमच्या पंपाले लाल रंग होता. माह्या समोर बसवला."

त्याचं हसू गेलं. तो पुन्हा गाडीत वाकला आणि काट्याकडे जाणारी वायर हातात घेऊन मला जवळ बोलावलं. तिची दोन्ही टोकं स्वच्छ होती. "देखो. टूटा हुआ तार ऐसा नहीं होता. ये पकड़ से काटा है. काटा हलू नये म्हणून कापली. बाई, आखरी बार किसने हात लगाया था?"

मला घाटंजीहून धुऊन आलेली जीप दिसत होती, बॉनेटवरचं हळदकुंकू दिसत होतं आणि भावाच्या पायाशी वाकलेला माझा नवरा दिसत होता.

दवाखान्यात जाऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. पंप, हळद, तार. ते वरच्या पंख्याकडे पाहत म्हणाले, "कोनाले बोलू नको."

"काहून?"

"मायले सहन नाही होनार."

"आनि तुमाले जे झालं ते?"

"त्याले काय मालूम होतं का मी भाजीन? त्याले फक्त चांगला पंप पाह्यजे होता."

"मंग तार काहून कापली?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. माझ्या लक्षात आलं की हा माणूस भावाला काही म्हणणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. त्यांचा राग त्यांनी तिथेच टाकून दिला. मी तो उचलला.

लोहाऱ्याला परतून मी मिस्त्रीला सांगितलं, नवीन पंप मी माझ्या हातानं बसवणार. माझ्या गाडीच्या पोटात आता दुसऱ्या कुणाचा हात जाणार नाही. तो वैतागला. बाई, हे काम तुमचं नाही, वेळ लागेल, माझं नाव खराब होईल, पुष्कळ बोलला. पण उपाशीपोटी उन्हात वाकायचा त्यालाही कंटाळा होता. शेवटी टायरवर बसून सांगू लागला आणि मी करू लागले. जुनं पॅकिंग पात्यानं खरवडून काढायचं, धातूला ओरखडा पडू द्यायचा नाही. नव्या पॅकिंगला ग्रीस लावायचं. बोल्ट आधी सगळे हातानं बसवायचे, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एकच आधी पूर्ण आवळला तर पंप तिरका बसतो. रेडिएटर सोडवून उलट्या बाजूनं पाणी सोडलं. आधी पिवळं आलं, मग तांबडं, मग पुन्हा पिवळं. मी नळी धरून उभी होते. मनात भासऱ्यांचं तोंड होतं. स्वच्छ पाणी यायला लागलं तरी मी नळी बंद केली नाही. मिस्त्रीच ओरडला, "बस करो बाई, अब रेडिएटर को गंगा नहलाओगी क्या?"

तार जोडली. नवे होज पाइप लावले. नशीब, इंजिनाचं हेड वाकलं नव्हतं. गाडी चालू झाली, काटा मधोमध येऊन थांबला.

मिस्त्रीनं तो सडका पंप भंगाराच्या ढिगाकडे फेकायला उचलला.

"टाकू नका. मले द्या."

"क्या करोगी?"

"ज्याचा हाय त्याले देईन."

पंप पोत्यात बांधून मी ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवला. रस्त्यात खड्डा आला की तो खालून वाजायचा. मला तो आवाज हवा होता. राग निवला असं वाटायला लागलं की एखादा खड्डा यायचा.

गावात जीप मी चालवू लागले तेव्हा लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. भासरे ओसरीवर बसून सासूला म्हणाले, "घरची बाई सवारी नेते, बरं दिसते का?" मी अंगणात भांडी घासत होते. उत्तर जिभेवर आलं होतं, गिळलं. घरात भांडले असते तर सासू मध्ये पडली असती, दोन्ही भाऊ रडले असते, चहा झाला असता आणि सगळं मिटलं असतं. मला ते मिटवायचं नव्हतं. जिथे माझा नवरा भाजला तिथे, रस्त्यावर, चार लोकांसमोर ते झालं पाहिजे, असं मी ठरवलं होतं. कसं होईल ते माहीत नव्हतं.

एके दुपारी भासरे जेवून झोपले असताना मी त्यांच्या गोठ्यात गेले. त्यांची जीप तिथे उभी असायची. बॉनेट उचललं. पंपावर ग्रीस आणि धुळीचा थर होता. मी नखानं खरवडलं. लाल. शिंगांचा लाल. आणि तिथेच, बोटाखाली, मला फॅनचा पट्टा लागला. हा पट्टाच पंप आणि पंखा दोन्ही फिरवतो. तो आतून तडकला होता, कडेचे धागे सुटले होते. असा पट्टा काही दिवस निघतो, पण फार नाही. रेडिएटरच्या जाळीत कापसाचं तूस दाटून बसलं होतं, ते त्यांनी हंगामभर काढलंच नव्हतं.

मी बॉनेट अलगद खाली ठेवलं आणि कुणालाही काही बोलले नाही. पुढच्या वेळी यवतमाळला गेले तेव्हा त्या मापाचा नवा पट्टा विकत घेतला. माझ्या गाडीचा चांगला होता. हा मी पोत्यातल्या पंपाशेजारी ठेवला.

आणि वाट पाहिली. वाट पाहताना माझी गाडी मी लेकरासारखी जपली. सकाळी इंजिन थंड असताना झाकण उघडून पाण्यात बोट घालायचं, रंग पाहायचा. होज दाबून पाहायचे, फुगले का, चिरले का. पट्टा अंगठ्यानं दाबून पाहायचा. पंपाच्या पोटाखालच्या भोकाखाली बोट फिरवायचं, कोरडं आहे ना. सांजेला रेडिएटरच्या जाळीतलं तूस मऊ ब्रशानं काढायचं आणि आतल्या बाजूनं पाणी मारायचं. उष्णतेनं उघडणारी झडप असते, थर्मोस्टॅट म्हणतात, ती मी घरच्या गंजात, मोठ्या पातेल्यात, पाणी तापवून त्यात बुडवून पाहिली, उघडते का. नवरा खाटेवर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "एवढी नाही सांभाळत कोनी गाडी."

"मले सांभाळा लागते," मी म्हटलं.

माझी गाडी एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. वेचणीच्या बायांना हे कळायला वेळ लागला नाही. शिवाय बाईच्या शेजारी बसायला पोरी घाबरत नाहीत. एकेक टोळी भासऱ्यांची गाडी सोडून माझ्याकडे आली. कोलाम म्हातारी आली तेव्हा तिच्यामागे अख्खं पोड, कोलामांची सगळी वस्तीच आली. भासरे सकाळी चौकात हॉर्न वाजवत उभे राहायचे आणि बाया त्यांच्यासमोरून माझ्या जीपकडे चालत यायच्या. मला त्याचं किती सुख व्हायचं हे मी लपवणार नाही. कधी कधी जागा भरली तरी मी मुद्दाम गाडी सोडत नसे. त्यांनी पाहावं म्हणून थांबायचे.

संक्रांत झाल्यावर, बाजाराच्या दिवशी, ते घडलं. मी सवारी घेऊन घाटंजीकडे निघाले होते. पुलाच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला भासऱ्यांची जीप उभी, बॉनेट उघडं, वाफ वर जात होती. सवाऱ्या उतरून बाभळीखाली उभ्या होत्या. भासरे हातात तुटलेला पट्टा घेऊन उभे होते.

मी गाडी पुढे नेऊन कडेला लावली आणि उतरले. माझ्या सवाऱ्याही उतरल्या. त्यात कोलाम म्हातारी होती. भासऱ्यांनी मला पाहिलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या एका माणसाला म्हणाले, "तिच्यापाशी पट्टा असंन तर इचार."

मी पदर पुढे ओढला नाही. सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"पट्टा हाये," मी म्हटलं. "नवा हाये, तुमच्याच गाडीसाठी आनला. पन आधी माहा पंप काढून द्या."

आवाज माझाच होता, पण मलाही तो नवा वाटला. भासरे एवढे चपापले की त्यांनी थेट मलाच उत्तर दिलं. "कोनता पंप?"

"तुमच्या गाडीत बसवलेला. सर्व्हिसिंग करून देतो म्हनून माह्या गाडीतून काढून नेला तो."

"डोकं फिरलं हिचं," ते लोकांकडे वळून म्हणाले. "भाजल्यापासून माहा भाऊ असा झाला, अन् ही अशी."

भाऊ हा शब्द त्यांनी तिथे उच्चारायला नको होता. मी त्यांच्या गाडीपाशी गेले. इंजिन अजून तापलेलं होतं. फडकं घेऊन मी पंपावरचं ग्रीस पुसलं, मग पान्याच्या टोकानं खरवडलं. लाल रंग उघडा पडला. "या, पाहा," मी म्हटलं. "बैलाच्या शिंगाचा रंग हाये. माह्या नवऱ्यानं लावला. याच्या बदल्यात यायनं आमच्या गाडीत सडका पंप बसवला, गळू नये म्हनून हळद टाकली, आनि काटा हलू नये म्हनून तार कापली."

लोक वाकून पाहू लागले. कोलाम म्हातारी पुढे आली, तिनं त्या लाल रंगावर बोट ठेवलं आणि भासऱ्यांकडे पाहिलं. "मी होती त्या दिवशी," ती म्हणाली. "त्याच्या आंगावर पानी मीनं टाकलं. पिवळं पानी होतं. मी मनात म्हनत होती, पिवळं काहून?" मग म्हणाली, "काढून दे बावा तिचा पंप."

भासऱ्यांनी येणाऱ्या दुसऱ्या जीपला हात केला. ड्रायव्हरनं वेग कमी केला, गर्दी पाहिली, मला पाहिलं, "माह्यापाशी पट्टा नाही भाऊ," म्हणून निघून गेला. त्यांच्या सवाऱ्यांतल्या बाया आपल्या पिशव्या घेऊन माझ्या जीपपाशी येऊन उभ्या राहिल्या. मी पुलाच्या कठड्यावर बसले. मला घाई नव्हती. हंगामभर थांबले होते, आणखी थोडं थांबले असते.

शेवटी इंजिन निवल्यावर त्यांनी पाना उचलला. आधी पंखा काढला, मग होज. पाणी भळाभळा त्यांच्या चपलांवर आलं. एक बोल्ट हातातून निसटून मातीत पडला, तो शोधायला ते गुडघ्यावर बसले. कुणी मदत केली नाही. मीही केली नाही. मी पाहत होते आणि मला वाटत होतं, हे लवकर संपू नये.

पंप निघाला. त्यांनी तो माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. मी म्हटलं, "हातात द्या." त्यांनी उचलून हातात दिला.

मग मी सीटखालचं पोतं आणलं, सडका पंप काढला आणि त्यांच्या पायाशी ठेवला. "हा तुमचा. आनि हा पट्टा." शब्द दिला होता म्हणून पट्टा दिला. शिवाय तो पट्टा लावून ती गाडी कुठपर्यंत जाते तेही मला पाहायचं होतं.

ती फार लांब गेली नाही. सडक्या पंपाचं बेअरिंग वाटेतच मोडलं आणि पंखा पुढच्या रेडिएटरमध्ये घुसला. गाडी बैलांनी ओढत गावात आणली. मी तेव्हा घाटंजीच्या बाजारात होते. कांद्याच्या ढिगापाशी मला हे कुणीतरी सांगितलं आणि मी हसले. मोठ्यानं हसले.

घरी आले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. नवरा अंगणात उभे होते. मी लाल पंप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तुनं माह्या भावाले रस्त्यावर गुडघ्यावर बसवलं."

"हो."

"मी तुले सांगतलं होतं, बोलू नको."

"मी बोलली नाही. मागतला."

ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही माझ्या हातचं जेवले नाहीत, मोठ्याकडे जाऊन आईजवळ जेवले. मला ते लागलं. पण मी माफी मागायला गेले नाही.

सासू आली. पंप अजून ओसरीवरच होता. ती त्याच्याजवळ बसली, त्याच्यावरून हात फिरवला. तिला तो रंग ओळखू आला असणार. मग म्हणाली, "घरातली गोष्ट रस्त्यावर न्याची नव्हती व."

"रस्त्यावरच भाजले ते, माय," मी म्हटलं.

ती उठून गेली. मोठ्या मुलाला तिनं काय म्हटलं ते मला कधी कळलं नाही. काही तरी म्हटलं असावं, कारण त्यानंतर ती आमच्याकडे राहायला आली आणि शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिली.

भासऱ्यांनी उन्हाळ्यात जीप विकली आणि कुटुंब घेऊन यवतमाळला गेले. तिथे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाले. माझ्यामुळे गेले असं गाव म्हणतं. मी ते खोडून काढलं नाही. लाल पंप नवऱ्यानं एक दिवस मला न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकला. मला राग आला, मग लक्षात आलं की त्यांना तो रोज बघवत नव्हता.

सासू गेली तेव्हा भासरे आले. केस पांढरे झाले होते. तेराव्याला सगळे पंगतीत बसले असताना त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पानी दे व." मी दिलं. एवढंच. त्यांनी त्या दिवसाचा विषय काढला नाही, मीही नाही. माझ्या बहिणी विचारतात, केलं का माफ? मी सांगते, नाही. त्यांनी माफी मागितली नाही आणि मागितली असती तरी दिली असती की नाही, मला माहीत नाही. तार कापताना त्यांच्या हातात पकड होती, आणि ती तार काय सांगते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

दोघे भाऊ मात्र बोलतात. उन्हाळ्यात नवऱ्याच्या मानेवरचं जुनं कातडं कोरडं पडून ताणतं, तेव्हा दुपारी मी त्यांना खाली बसवून खोबरेल तेल लावते. पुष्कळदा त्याच वेळी यवतमाळहून फोन येतो. ते डाव्या हातानं फोन कानाला लावतात, "बोल दादा," म्हणतात, पावसाचं आणि तुरीच्या बाजारभावाचं विचारतात. मी उठून जात नाही. तेल लावत राहते.